जाळी पडली का?

परकार सरांना 'चरबी' हा शब्द चालत नसे. जनावरांच्या अंगात चरबी कशी भरेल हे बघणं हीच ज्या माणसाची नोकरी, त्याने त्याच शब्दाशी उभा दावा मांडावा, याचं ऑफिसात सगळ्यांना हसू यायचं. "चरबी माणसांना चढते गो," ते मला म्हणायचे. "जनावराला पडते ती जाळी."

जाळी म्हणजे घावनाला पडते ती. सर मूळचे रत्नागिरीकडचे, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट ते शेवटी तांदळाच्या पिठापर्यंत आणून सोडत. मांसाच्या तांबड्या तुकड्यात आतल्या आत चरबीच्या बारीक पांढऱ्या रेषा पसरलेल्या असतात. इंग्रजीत त्याला मार्बलिंग म्हणतात आणि मोठ्या हॉटेलांतले शेफ त्यासाठी जीव टाकतात. "मार्बल म्हणजे लादी," सर म्हणायचे. "लादी काय खायची? जाळी म्हण. ऐकूनच भूक लागते."

मी त्या कंपनीत खरेदी विभागात होते. दोहा मागे पडून उंच इमारतींच्या जागी नुसती वाळू आणि विजेचे खांब दिसायला लागले की आमच्या शेड लागत. छताला मोठाले पंखे, पाण्याचे फवारे, आणि खाली रवंथ करत बसलेले काळेभोर खोंड. त्यांच्यासाठी मका, बार्ली आणि गवताचे गठ्ठे परदेशातून मागवणं माझं काम. ते त्यांना किती, केव्हा आणि कसं घालायचं हे ठरवणं डॉक्टर लतीफ परकारांचं. कंपनीला एका हॉटेलसाठी जाळीदार मांस तयार करून दाखवायचं होतं, म्हणून हा कळप खास पाळलेला होता.

मी सांगलीकडची. आमच्याकडे बेंदराला बैलांच्या शिंगांना रंग देतात, पुरणपोळी भरवतात. घरी मी 'डेअरी कंपनीत आहे' एवढंच सांगितलं होतं. पहिल्या दिवशी शेडच्या दारात माझे पाय अडले ते सरांनी बरोबर ओळखलं. "जड जात असेल तर आत नको येऊस," ते म्हणाले. "कागदावरून काम होतं. आणि आलीस तर एकच गोष्ट लक्षात ठेव. इथे कुणाला नाव ठेवायचं नाही आणि कुणाला नावंही ठेवायची नाहीत." मी आत गेले. कळपात कुणालाच नाव नव्हतं, कानात नुसते बिल्ले. नाव ठेवलं की शेवटच्या दिवशी आपलाच पाय मागे ओढतो, हे त्यांनी मला पुष्कळ उशिरा सांगितलं.

अंगाने मात्र सर काडीपहिलवान. शर्टात माणूस आहे की हँगर, असा प्रश्न पडावा. आमचे मॅनेजर थॉमस साहेब केरळचे, जाडजूड, मिशाळ आणि नेहमी घाईत. ते पाहुण्यांना सरांची ओळख करून देताना हमखास म्हणायचे, "हे आमचे फॅटनिंग एक्स्पर्ट," आणि पाहुणे सरांकडे बघून हसायचे. सरही हसायचे. "मी वाढपी आहे," ते म्हणत. "वाढप्याने आधी जेवायचं नसतं."

सकाळी आले की ते जनावरांकडे बघतच नसत. आधी गव्हाणीत बघत. काय खाल्लं यापेक्षा काय शिल्लक ठेवलं यावरून त्यांना सगळं समजायचं. मका चाटून पुसून संपलाय आणि गवत तसंच पडलंय, की त्यांची मान हलायची. गवताची मूठ उचलून नाकाशी धरत, चुरगळत, आणि मग फोनवरून मला बोलावून घेत. "मेघना, हे काय मागवलंस? याला उन्हाचा वास येत नाही, गोदामाचा येतो." मग आमचं भांडण. मी दराची बाजू मांडायची, त्यांनी वासाची. शेवटी त्यांच्या डब्यातलं घावन माझ्या हातात यायचं आणि पुढच्या वेळी मी गवत बदललेलं असायचं.

त्यांचा दुसरा कायदा म्हणजे शेडमध्ये 'यल्ला', म्हणजे अरबीतलं 'चला, आटपा', म्हणायचं नाही. कतारमध्ये राहून 'यल्ला' न म्हणणं म्हणजे कोल्हापुरात राहून तिखट न खाणं. ड्रायव्हर यल्ला, दुकानदार यल्ला, ऑफिसातली प्रत्येक मीटिंग यल्ला म्हणून सुरू आणि खलास म्हणून संपते. पण शेडच्या उंबऱ्याच्या आत कुणाच्या तोंडून तो शब्द निघाला की सर बोट ओठावर ठेवत. "जनावराला घाई समजत नाही, नुसती भीती समजते. घाबरलेलं जनावर खातं, पण ते अंगी लागत नाही." शेडचा मुख्य कामगार बहादूर नेपाळचा. तो नव्या माणसाला कामावर घेताना आधी हाच नियम सांगायचा.

अंगी लागणं हा सरांचा आवडता शब्द. माझ्यासारख्या कॉमर्सवालीला त्यांनी सगळं शास्त्र त्या एका शब्दावर शिकवलं. एकदा मी विचारलं, इतका महागाचा मका महिनोन्‌महिने घालतो, तर जाळी लवकर का नाही पडत? सर खाली टेकले आणि शांतपणे सांगू लागले. जनावर खातं त्यातली ऊर्जा आधी नुसतं जगण्यात जाते. श्वास, चालणं, आणि इथल्या उन्हाळ्यात धापा टाकणं. त्यातून उरली तर हाडाला, मग मांसाला. त्याहून उरली तर आतड्यांभोवती, मग पाठीवर कातडीखाली. या सगळ्यांचं पोट भरल्यावर काही शिल्लक राहिलं, तर ते मांसाच्या आत रेषा होऊन बसतं.

"जाळी ही घरातल्या बाईसारखी असते गो," ते म्हणाले. "सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर शेवटी बसणार. म्हणून तिच्यासाठी पातेल्यात उरेल एवढं आधीच रांधावं लागतं. आणि रोज. एक दिवस मेजवानी घालून भागत नाही."

हे त्यांचं तत्त्वज्ञान निव्वळ गोठ्यापुरतं नव्हतं, हे मला त्यांच्या घरी समजलं. अल अझीझियात त्यांचा छोटा फ्लॅट होता. शुक्रवारी मी आणि माझा नवरा कधीमधी अल नस्रहून त्यांच्याकडे जेवायला जायचो. माझ्यासाठी सुरमई आणि नारळाचा रस असायचा. त्यांच्यासाठी काही वेगळं शिजलं असेल, तर ते पातेलं त्या दिवशी टेबलावर येतच नसे, आणि त्यावर कुणी एक शब्दही बोलत नसे. नसीम भाभी तव्यापाशी उभ्या राहून घावनं सोडत आणि आम्ही हादडत. मग सर उठून तव्यापाशी जायचे. "हो बाजूला. तू बस. मी सोडतंय आता." भाभी म्हणायच्या, "तुमच्या घावनाला जाळी पडत नाय." त्यावर सर चमचा हातात घेऊन म्हणायचे, "आख्ख्या कतारात मला जाळीचा पगार मिळतो, आणि घरात ही मला नापास करते."

त्यांची मुलगी सना तिथल्याच शाळेत शिकून मोठी झाली होती. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं. मी बाळंतपणाची रजा संपवून आल्यावर पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले, तेव्हा दारातच सर ओरडले, "काय गो मेघना, सुटलीस की!"

सनाने लगेच विचारलं, "सुटलीस मीन्स रिलीज्ड? रिलीज्ड फ्रॉम व्हॉट?"

सर पोट धरून हसले. "रिलीज्ड नाही गो. सुटणं म्हणजे जाड होणं. खाल्लेलं अंगी लागणं. लय चांगला शब्द आहे." सनाने तो शब्द दोन-तीनदा घोळवला आणि आपल्या अब्बांकडे बघून म्हणाली, "अब्बा, व्हाय डोन्ट यू एव्हर सुटो?" आम्ही सगळे हसलो. 'यू सुटो' हा नंतर आमच्यात कितीतरी दिवस विनोद होता. शेडमध्येही एखादा खोंड भरायला लागला की सर मला फोनवर सांगत, "सुटतोय हां आपला," आणि बहादूरही नेपाळी वळणाने 'सुट्तोय, सुट्तोय' म्हणायला शिकला.

एका ईदला सर सुट्टीवर होते आणि थॉमस साहेबांना हॉटेलच्या शेफचा फोन आला की नमुना केव्हा बघायला मिळेल. साहेबांनी हिशेब केला तो सरळ होता. मका घालून जाळी पडते, तर दुप्पट मका घालून दुप्पट लवकर पडेल. बहादूर नको नको म्हणत असताना त्यांनी गव्हाणी मक्याने भरायला लावल्या. दुसऱ्या दिवसापासून खोंडांनी खाणं टाकलं. पोटं फुगली, काही जण माना टाकून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

सर ईदचे कपडे न बदलता आले. औषधं दिली, मका बंद केला, नुसतं कोरडं गवत घातलं. थॉमस साहेब बाजूला उभे होते, मिशा ओल्या घामाने. आता स्फोट होणार असं आम्हाला वाटलं. सर त्यांना म्हणाले, "साहेब, हिशेब तुमचा चुकला नाही, पोटाला विचारायचं राहिलं. पोटात किडामुंगीसारखी लाखो जिवांची वस्ती असते. तीच खाणं पचवते. तिला नवीन खाण्याची सवय व्हायला वेळ लागतो. पायरीपायरीने चढवायचं. धान्य एकदम अंगावर आलं की तीच मरते, आणि पोट आंबतं." खोंड वाचले. त्यानंतर थॉमस साहेब शेडच्या बाहेरसुद्धा 'यल्ला' म्हणताना आधी इकडेतिकडे बघायचे.

त्याच सुमाराला सर डबा परत न्यायला लागले. आधी मला वाटलं भाभींनी जास्त दिलं असेल. गव्हाणीत उरलेलं बघून जनावराचं दुखणं ओळखणारा माणूस, पण स्वतःच्या डब्यात उरलेल्या घावनांकडे त्याने कितीतरी दिवस बघितलं नाही. शेवटी भाभींनीच त्यांना ओढून दवाखान्यात नेलं. जठरात गाठ निघाली.

ऑपरेशनसाठी ते तिघेही मुंबईला गेले. जाण्याआधी सर शेडमध्ये आले, एकेका खोंडाच्या पाठीवर हात ठेवला, सोनोग्राफीचं यंत्र लावून बघितलं. बरगड्यांच्या मधली ती काळी-पांढरी चित्रं मला कधीच समजली नाहीत. "जाळी पडली का?" मी विचारलं. "दोरा ओवलाय," ते म्हणाले. "विणायची राहिलीय. खुराक बदलू नका. मी येईपर्यंत कुणालाही घाई करू देऊ नका." थॉमस साहेब मागे उभे होते. त्यांनी छातीवर हात ठेवला. पुढे हॉटेलचे फोन येत राहिले आणि साहेब प्रत्येक वेळी 'डॉक्टर विल कम' एवढंच सांगत राहिले, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

ऑपरेशन झालं. जठराचा मोठा भाग काढला. पुढची औषधं कडक होती, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की वजन वाढल्याशिवाय ती देता येणार नाहीत, शरीराला झेपणार नाहीत. म्हणजे सगळं आता एका गोष्टीवर येऊन अडलं होतं. सरांचं खाल्लेलं अंगी लागायला हवं होतं. आणि ते लागत नव्हतं. भाभी फोनवर रडायच्या. "चार घास खातात आणि ते पण बाहेर पडतात गो."

मग सनाने सूत्रं हातात घेतली. कॉलेजचं वर्ष सोडून ती वडिलांच्या उशाशी बसली होती. लहानपणापासून कानावर पडलेलं तिने सगळं बाहेर काढलं. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. आधी पेज, मग पेजेत तूप, मग खजुराची खीर. पोट नको म्हणालं की एक पायरी खाली, पुन्हा वर. सर मला फोनवर बारीक आवाजात म्हणाले, "काय सांगू तुला, आमची सना मला मका चढवतेय. काल म्हणते, अब्बा, नीट रवंथ करा." पलीकडून तिचा आवाज आला, "अब्बा, नो टॉकिंग व्हाइल ईटिंग."

नंतर बरेच दिवस फोन नाही. मी केला तर उचलला जात नसे. आणि एक दिवस दुपारी, मी शेडच्या ऑफिसात गवताच्या जहाजाची चौकशी करत असताना, सनाचा मेसेज आला. जन्मात पहिल्यांदा तिने मला मराठीत लिहिलं होतं. रोमन अक्षरांत, दोनच शब्द. 'अब्बा सुटले.'

मी खुर्चीत बसले होते ते बरं. सुटला बिचारा, सुटली एकदाची, हे आमच्याकडे कुणाबद्दल आणि केव्हा म्हणतात ते कुठल्याही मराठी माणसाला सांगावं लागत नाही. फोन लावला, लागला नाही. बहादूर पाणी प्यायला आत आला होता. त्याला माझा चेहरा बघूनच समजलं. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि बाहेर जाऊन कुणाला तरी सांगितलं. थॉमस साहेब धावत आले, मेसेज बघितला, त्यांना त्यातलं मराठी समजलं नाही, तरी चष्मा काढून डोळे पुसायला लागले. कुणीतरी खुराक कालवायची मशीन बंद केली. आम्ही सगळे शेडमध्ये जाऊन उभे राहिलो. खोंड निवांत रवंथ करत होते. कुणी प्रार्थना करत होतं, कुणी नुसतं उभं. मला रडू आवरेना.

तेवढ्यात फोन वाजला. सनाने फोटो पाठवला होता. सर पलंगावर मांडी घालून बसले होते. गाल चक्क वर आलेले, गंजी पोटावर किंचित ताणलेली, आणि हातात अख्खं घावन. खाली सनाने लिहिलं होतं, 'सी? ही सुटो!'

मला हसावं की तिला झोडपावं कळेना. पण त्याआधी माझ्यासमोर टोप्या काढून उभ्या असलेल्या माणसांना सांगणं भाग होतं. "सर," मी थॉमस साहेबांना म्हणाले, "ही इज नॉट डेड. ही इज फॅट."

साहेबांना ते वाक्य दोनदा ऐकावं लागलं. मग त्यांनी फोटो हातात घेतला, पुन्हा चष्मा लावला, आणि शेडच्या मध्यभागी उभे राहून असे ओरडले, "यल्ला!", की सगळे खोंड एकदम उठून उभे राहिले. त्या दिवशी कुणीही बोट ओठावर ठेवलं नाही. बहादूर 'सुट्तोय, सुट्तोय' म्हणत शेडभर नाचला. संध्याकाळी मी सरांना सगळं सांगितलं तेव्हा ते इतके हसले की भाभींनी फोन काढून घेतला. "टाके उसवतील मेले," त्या म्हणाल्या, आणि त्याही हसत होत्या.

औषधं सुरू झाली. मध्ये थोडं बरं वाटल्यावर सर दोह्याला आले, घर आवरायला आणि व्हिसाचं काम संपवायला. त्याच आठवड्यात हॉटेलात पहिला नमुना गेला होता. शेफने कापलेल्या तुकड्याचा फोटो थॉमस साहेबांना पाठवला, साहेबांनी तो मोठ्या कागदावर छापून घेतला आणि सरांसमोर धरला. सर बराच वेळ बघत राहिले. त्यांना स्वतःला आता त्यातला घासही चालणार नव्हता. "पडली गो जाळी," ते मला म्हणाले. "बारीक आहे. पण सगळीकडे सारखी आहे." मग साहेबांना म्हणाले, "ही तुम्ही थांबलात त्याची आहे."

मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्या दिवशी शेडच्या दारात. गाडीत भाभी आणि सना वाट बघत होत्या. सर उंबऱ्याच्या आत उभे होते, गव्हाणीतलं गवत मुठीत घेऊन हुंगत होते. "हे बरं आहे," ते म्हणाले. "उन्हाचा वास आहे." सनाने गाडीतून हाक मारली. सरांनी गवत परत गव्हाणीत ठेवलं, एक पाऊल उंबऱ्याबाहेर टाकलं, आणि बाहेर आल्याची खात्री करून माझ्याकडे बघत म्हणाले, "यल्ला." आणि हसले. गालांवर फोटोतलं मांस अजून होतं. मला खूप बरं वाटलं होतं त्या दिवशी. मला खरंच वाटलं होतं की झालं, निभावलं.

पावसाळ्यानंतर सनाचा मेसेज आला. या वेळी इंग्रजीत होता, पुरं वाक्य, पूर्णविरामासकट. 'अब्बा पास्ड अवे धिस मॉर्निंग.' त्यात गैरसमजाला कुठे जागा नव्हती. तिने मुद्दामच तसं लिहिलं असणार, मागच्या वेळचं आठवून, मला त्रास होऊ नये म्हणून.

मी वाचला, पुन्हा वाचला. आणि फोन समोर ठेवून किती तरी वेळ बसून राहिले, की आता फोटो येईल.